उपदाढा गेल्या, मग अक्कलदाढांचं काय झालं?

ब्रेसेस लावायच्या आधी माझ्या चार उपदाढा, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधले दात, काढाव्या लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला दुखेल किती एवढीच काळजी होती. आईची काळजी वेगळी होती. ताईच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा नुकत्याच शस्त्रक्रिया करून काढल्या होत्या. तिचा सुजलेला चेहरा आणि पातळ जेवणावर काढलेले दिवस घरात सगळ्यांना आठवत होते. आई म्हणाली, "डॉक्टर, हिचे चार दात तुम्ही आत्ता काढणार. उद्या थोरलीसारख्या हिच्याही अक्कलदाढा आडव्या निघाल्या तर आणखी चार जाणार. म्हणजे बत्तिसातले आठ गेले. हा हिशोब तुम्ही धरलाय का?"

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. "धरलाय," त्या म्हणाल्या. "उलटही होऊ शकतं. दाढा पुढे सरकल्या तर शेवटी अक्कलदाढेला थोडी जागा मिळते. पण ती मिळेलच असं मी सांगणार नाही. काढलेल्या दाताची जागा पुढचे दात खाणार की मागच्या दाढा, त्यावर ते आहे. आणि हिच्या तोंडात वर एक उत्तर असेल, खाली दुसरं."

जागा कोण खाणार, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यावरून गेला. आज मात्र कुणी विचारलं की उपदाढा काढल्या की अक्कलदाढा सरळ येतात का, तर मी उलट विचारते: तुझ्या मागच्या दाढा किती पुढे आल्या? नुसता दात काढला एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. खालची अक्कलदाढ असते १० ते ११ मिलिमीटरची. म्हणजे काढलेली सगळी जागा मागे वळवली तरी तेवढ्यात अक्कलदाढ मावत नाही. आणि सगळी जागा मागे जाणं तर दूरच, कारण बहुतेक वेळा उपदाढ काढलेली असते ती पुढच्या दातांच्या सोयीसाठी.

माझे वरचे पुढचे दात बरेच बाहेर होते. ओठ मिटायचे तर जोर लावावा लागायचा. खालच्या दाढा वरच्यांच्या मानाने मागे बसायच्या. खाली थोडी गर्दीही होती, त्यात डावा सुळा रांग सोडून ओठाकडे उभा. त्यामुळे डॉक्टरांनी वर आणि खाली वेगवेगळ्या उपदाढा निवडल्या. वरच्या पहिल्या, म्हणजे सुळ्याला लागून असलेल्या. खालच्या दुसऱ्या, म्हणजे मोठ्या दाढेला लागून असलेल्या. दंतवैद्यांच्या दोन आकडी पद्धतीत १४, २४, ३५ आणि ४५. चारही एकसारख्या का नाहीत, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच कागदावर काढून दाखवलं. फट जितकी पुढे, तितका तिचा फायदा पुढचे दात आत घ्यायला. फट दाढेच्या शेजारी असली की दाढ पुढे आणणं सोपं. माझ्या वरच्या जबड्यात पहिली गोष्ट हवी होती, खालच्या जबड्यात दोन्ही थोड्या थोड्या.

दात हलवण्यात रस्सीखेचीचा नियम चालतो. पुढच्या दातांना मागे ओढलं की मागच्या दाढा तितक्याच जोराने पुढे ओढल्या जातात. दाढांची मुळं मोठी आणि जास्त, म्हणून त्या कमी हलतात, पण हलतात. किती हलू द्यायच्या हे आधी ठरवून बंदोबस्त करतात, त्याला अँकरेज म्हणतात. कडक अँकरेज म्हणजे फटीचा जेमतेम पाव हिस्सा दाढांना मिळणार, बाकीची जागा पुढच्या दातांची. मध्यम म्हणजे साधारण निम्मंनिम्मं. ढिलं अँकरेज ठेवलं तर बहुतेक फट दाढाच पुढे येऊन भरून काढतात.

अक्कलदाढेच्या दृष्टीने उपचारातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि पेशंटला तो सहसा कुणी समजावून सांगत नाही. आपल्याला दिसतात त्या फक्त तारा आणि रबरं. माझ्या वरच्या दाढा जागच्या हलू नयेत म्हणून टाळूवरून एक आडवी तार टाकली होती, आणि पुढे हिरडीत, दाढांच्या मुळांच्या मधे, बारीक मिनिस्क्रू बसवले. खाली असा कुठलाच अडसर नव्हता. उलट वरच्या सुळ्यापासून खालच्या मोठ्या दाढेपर्यंत इलॅस्टिक लावायला दिले होते. ते वरच्या दातांना मागे आणि खालच्या दाढांना पुढे ओढायचे. रात्री ते लावून झोपलं की सकाळी खालची दाढ ठणकायची. त्या ठणक्याचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. अक्कलदाढेला मिळाली ती जागा बरीचशी त्यातूनच झाली.

उपदाढा काढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भुलीची सुई टोचते तेवढंच दुखणं, मग दाब जाणवतो, करकर ऐकू येते आणि दात बाहेर येतो. उपदाढेची मुळं साधी असतात. तिथे पुढे अक्कलदाढेच्या वेळी लागलं तसलं काही लागत नाही. आधी उजवीकडच्या काढल्या, मग डावीकडच्या. कापूस चावून घरी आले, संध्याकाळी थंड दूध प्यायले, संपलं.

उपचाराच्या आधी काढलेला ओपीजी माझ्याकडे अजून आहे. संपूर्ण जबड्याचा तो लांबट एक्स-रे. त्यात चारही अक्कलदाढा आहेत, आणि हेही गृहीत धरण्यासारखं नसतं, कारण साधारण पाचांतल्या एका माणसाला एखादी तरी अक्कलदाढ जन्मतःच नसते. पंधराव्या वर्षी माझ्या अक्कलदाढांचे माथे पूर्ण झाले होते, मुळं नुकती फुटत होती. खालच्या दोन्हींचा माथा पुढे, दुसऱ्या दाढेच्या पाठीत घुसायला निघाल्यासारखा. वरच्यांची तोंडं मागे. ते चित्र बघून आई घाबरली, पण त्या वयात ते स्वाभाविक असतं. खालच्या जबड्यात अक्कलदाढ तयारच पुढे झुकून होते आणि वाढताना हळूहळू उभी राहते; वरच्या जबड्यात ती मागे आणि गालाकडे तोंड करून सुरुवात करते. उभी राहायची की नाही हे पुढच्या काही वर्षांत ठरतं, आणि कोन विशीच्या मध्यापर्यंतही बदलत राहू शकतो. पंधराव्या वर्षीच्या एका ओपीजीवरून कुणी "ही नक्की अडकणार" असं ठामपणे सांगत असेल तर माझ्या मते तो घाई करतोय.

जागा कमी का पडते, याचंही उत्तर त्याच चित्रात आहे. खालचा जबडा मागे वर वळतो, कानाकडे जाणारी उभी फळी सुरू होते. अक्कलदाढेला मिळते ती दुसऱ्या दाढेची पाठ आणि या फळीची पुढची कड यांच्यामधली जागा. वाढीच्या वयात त्या कडेचं हाड झिजत मागे सरकतं आणि दातांची रांग लांब होत जाते. डेन्मार्कच्या आर्ने ब्योर्क यांनी १९५६ साली सहकाऱ्यांबरोबर हेच मोजून दाखवलं: ज्यांच्या अक्कलदाढा अडकल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दुसऱ्या दाढेमागची ही जागा तोकडी होती. म्हणजे जागा दोन बाजूंनी वाढू शकते. मागून, हाड झिजून. ते आपल्या हातात नाही. आणि पुढून, दाढा पुढे सरकून. ते अँकरेजच्या हातात आहे.

ब्रेसेसच्या मधल्या काळात लक्षात राहण्यासारखं एकच घडलं. खालच्या उजव्या बाजूची फट दोन्हीकडून मिटत होती. आरशात जीभ बाजूला करून बघितलं की मोठी दाढ पुढे आलेली कळायची. डावीकडे मात्र तो रांगेबाहेरचा सुळा आत घ्यायचा होता. त्याला जागा द्यायला पहिली उपदाढ मागे गेली आणि फटीचा मोठा हिस्सा तिथेच संपला. दाढेला पुढे यायला उरलं थोडं. डॉक्टर एकदा ग्लोव्हज घालता घालता म्हणाल्या, "डावी अक्कलदाढ तुला कदाचित त्रास देईल हं." मी मान हलवली. सुळा ओळीत आल्याच्या आनंदात अक्कलदाढेची कुणाला पडली होती!

अठराव्या वर्षी ब्रेसेस निघाल्या आणि दुसरा ओपीजी काढला. दोन्ही चित्रं शेजारी लावून मी घरी अंशमापकाने कोन मोजत बसले. पहिल्या ओपीजीत खालच्या दोन्ही अक्कलदाढा दुसऱ्या दाढेच्या उभ्या रेषेशी साधारण चाळीस अंशांत झुकलेल्या. दुसऱ्या ओपीजीत उजवी पुष्कळ सरळ झालेली, आणि डावी मात्र आधीपेक्षा जास्त कलंडलेली! मी घाबरून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी माझं मोजमाप बघितलं आणि विचारलं, "ज्या दाढेवरून तू मोजलंस, ती दाढ जागच्या जागी आहे का?"

मुद्दा खरा होता. दाढ पुढे सरकते तेव्हा ती अगदी उभी राहून सरकत नाही, थोडीफार कलते. डावीकडची दुसरी दाढ थोडी वेगळी कललेली होती, त्यामुळे तिच्या रेषेवरून मोजलेला अक्कलदाढेचा कोनही बदललेला दिसत होता. अक्कलदाढ स्वतः फारशी बिघडलीच नव्हती. डॉक्टरांनी मग दातांच्या चावण्याच्या पातळीवरून आणि जबड्याच्या खालच्या कडेवरून मोजून दाखवलं. उजवी खरंच सरळ झाली होती. डावी होती तशीच, किंचित सुधारलेली. वर ओपीजीची स्वतःची खोड असतेच: चित्र सगळीकडे सारखं मोठं होत नाही, आणि डोकं यंत्रात थोडं तिरपं धरलं गेलं तरी कोन फिरतो. तेव्हापासून "ब्रेसेसनंतर अमुक अंशांनी कोन सुधारला" असं वाचलं की मी आधी बघते, मोजलं कशावरून.

संशोधनातही याचे पडसाद आहेत. उपदाढा काढल्याने अक्कलदाढेचा कोन सुधारतो का, यावर अभ्यास एकमताने बोलत नाहीत. काहींना सुधारणा दिसली, काहींना दात काढलेल्या आणि न काढलेल्या गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. जागेच्या बाबतीत मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. २००३ साली किम, आर्टुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार उपदाढा काढून ब्रेसेस केलेले आणि दात न काढता ब्रेसेस केलेले पेशंट ताडून बघितले. दात काढलेल्यांमध्ये अक्कलदाढा अडकण्याचं प्रमाण कमी निघालं, आणि त्याचा संबंध त्यांनी दाढा पुढे सरकून तयार झालेल्या जागेशी लावला. हे वाचलं तेव्हा माझ्या डॉक्टरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं मला पुन्हा आठवलं. कोन आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झुकलेली दाढ जागा मिळाली तर वाट काढू शकते. सरळ उभी असलेली दाढ जागा नसेल तर हाडातच राहते.

ताईचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या ब्रेसेस दात न काढता झाल्या होत्या. तिला गर्दी थोडीच होती, ती रांग जराशी रुंद करून आणि मागच्या दाढा मागे ढकलून सोडवली. दात सुंदर लागले, पण मागे ढकललेली दाढ अक्कलदाढेच्या जागेतच जाते, दुसरीकडे कुठे जाणार? म्हणून तिच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अक्कलदाढा बहुधा काढाव्या लागतील. तसंच झालं. त्यात फसवणूक काही नव्हती. दात न काढता केलेल्या ब्रेसेसचा हिशोब कधी कधी असा मागाहून द्यावा लागतो, एवढंच. आमच्या आईचं मत मात्र आजही ठाम आहे की दोघी मुलींमध्ये मिळून दंतवैद्यांनी पुरेसं बांधकाम केलंय.

दात काढायचे की नाही हा वाद ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात ओळीत आणण्याच्या शाखेत, शंभर वर्षांहून जुना आहे. एडवर्ड अँगल हे या शाखेचे जनक मानले जातात, आणि ते सगळे दात राखण्याच्या बाजूचे. कॅल्विन केस यांनी १९११ साली काही रुग्णांचे दात काढणंच योग्य असं मांडलं आणि मोठं वादळ उठलं. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता केलेले आपले काही जुने रुग्ण उपदाढा काढून पुन्हा दुरुस्त केले. या सगळ्या वादात केंद्रस्थानी होता चेहरा, ओठ आणि उपचारानंतर दात जागेवर टिकणं. अक्कलदाढा कायम कोपऱ्यात राहिल्या. म्हणूनच फक्त अक्कलदाढा नीट याव्यात एवढ्यासाठी कुणी चांगल्या उपदाढा काढायला सांगितलं तर मी दुसरं मत घेईन. उपदाढा काढायच्या त्या गर्दीसाठी किंवा बाहेर आलेल्या दातांसाठी. अक्कलदाढेला जागा मिळाली तर तो वरचा फायदा.

विसाव्या वर्षाच्या सुमारास उजवी खालची, म्हणजे ४८, वर यायला लागली. आधी शेवटच्या दाढेमागे हिरडी जाड वाटायला लागली, मग तिथे एक टोक जिभेला लागू लागलं. अर्धी दाढ वर आणि अर्धी हिरडीच्या झापडीखाली, अशा मधल्या अवस्थेत तिने चांगलाच त्रास दिला. झापडीखाली अन्न अडकलं, हिरडी सुजली, तोंड नीट उघडेना, घास गिळताना कानापर्यंत कळ. दातांच्या डॉक्टरांनी झापडीखालून पाणी मारून स्वच्छ केलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि मऊ, लहान डोक्याच्या ब्रशने अगदी मागेपर्यंत घासायला शिकवलं. अशी सूज पुन्हा पुन्हा आली तर दाढ काढावी लागते. माझी पुन्हा आली नाही. काही महिन्यांत दाढ पूर्ण वर आली आणि झापड मागे सरली. आज ती रांगेत उभी आहे. थोडी आत, जिभेकडे कललेली आहे, पण चावायला उपयोगी पडते.

डावी, ३८, तशीच राहिली. पुढच्या ओपीजीत सर्जननी ती पुढे झुकून अडकलेली असं लिहिलं. अडकलेल्या अक्कलदाढांची कोनावरून वर्गवारी विंटर यांनी १९२६ मध्ये केली, आणि उभ्या फळीपर्यंतची जागा व दाढेची खोली यांवरून पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये. आजही रिपोर्टमध्ये तीच भाषा असते. माझ्या रिपोर्टात दुसरी दाढ आणि फळी यांच्यामधली जागा दाढेच्या रुंदीपेक्षा कमी होती, आणि दाढेचा माथा दुसऱ्या दाढेच्या मानेला टेकला होता. उजवीकडे हीच जागा दाढेच्या रुंदीहून जराशी जास्त निघाली होती. फरक अगदी थोड्या मिलिमीटरांचा. पण त्या थोड्यातच एक दाढ वर आली आणि दुसरी अडकली.

फक्त सुळ्यामुळे हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन बाजूंच्या दाढा सुरुवातीपासून अगदी सारख्या नसतात, जबडाही दोन्हीकडे अगदी सारखा वाढत नाही. पण उजवीकडे दाढ पुढे आली आणि डावीकडे कमी आली, हे दोन ओपीजी शेजारी ठेवले की डोळ्यांना दिसतं.

डावी लगेच काढायची का, यावर मी थांबले. दुखत नव्हतं. त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढे काही होईल म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २००० साली सांगितलं आहे. सगळे देश आणि सगळे सर्जन तेवढे कडक नाहीत, पण विचार मला पटला. काढण्यासाठी लोक देतात ते कारण मात्र मला पटलं नाही: "अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते, ब्रेसेसने सरळ केलेले दात वाकडे होतील." १९९८ साली हॅराडिन आणि सहकाऱ्यांनी ब्रेसेस झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, एकाच्या अक्कलदाढा काढून आणि दुसऱ्याच्या ठेवून बघितलं होतं. खालच्या पुढच्या दातांच्या गर्दीत असा फरक आढळला नाही की त्यासाठी दाढा काढाव्यात. पुढचे दात वयानुसार थोडे गर्दी करतातच, अक्कलदाढ असो वा नसो. त्यावर इलाज रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन. मी तो अजून रात्री लावते, आणि ब्रेसेसनंतरच्या सगळ्या उपायांत कंटाळवाणा पण कामाचा तोच आहे.

थांबणं संपलं ते दुसऱ्या दाढेमुळे. झुकलेल्या दाढेचा माथा तिच्या पाठीला टेकला की मधे ब्रश पोचत नाही, धागा पोचत नाही. तपासणीत तिथे हिरडीची खोल खळगी आणि दाढेच्या मागच्या बाजूला किडीची सुरुवात सापडली. आता काढण्याचं कारण खरं होतं. मोठी दुसरी दाढ गमावायची आणि अडकलेली अक्कलदाढ सांभाळायची, याला अर्थ नाही.

शस्त्रक्रियेआधी सर्जननी ओपीजीवर जबड्यातली नस जिथून जाते तो मार्ग दाखवला. दाढेचं मूळ त्यावर टेकतं तिथे मुळावर काळपट पट्टा दिसला, मार्गाची पांढरी कड तुटलेली दिसली किंवा मार्गच वळलेला दिसला तर नसेला धोका जास्त समजतात, आणि मग त्रिमितीय स्कॅन काढतात. माझ्या दाढेची मुळं जवळ होती पण कड अखंड होती. तरी खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होण्याची शक्यता लेखी कळवली होती, आणि मी ती दोनदा वाचून सही केली.

भूल लागल्यावर दुखलं नाही. हिरडी उघडून थोडं हाड ड्रिलने काढलं आणि दाढ तुकडे करून बाहेर घेतली. अख्खी काढायची तर दुसरी दाढ वाटेत येते. आवाज मोठा, दाब विचित्र, जबडा ताणून धरल्याने सांधा दुखला तो वेगळाच. टाके घातले. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती. स्ट्रॉने पिऊ नको, जोराने थुंकू नको, असं बजावलं होतं, कारण खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली तर उघड्या हाडाचा भयंकर ठणका लागतो. तो लागला नाही. संध्याकाळी भूल उतरल्यावर ओठाला बोट लावून बघितलं, जाणीव होती. ताई शेजारी बसून म्हणाली, "माझ्या वेळी दोन्ही एकदम. तुझं अर्ध्यावर भागलं." तिच्या आवाजात हेवा होता की विजय, ते कळलं नाही. ताईच आहे ती, दोन्ही असणार.

आता राहिल्या वरच्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं: वर उत्तर वेगळं निघालं. वरच्या दाढा मिनिस्क्रूने जागीच धरून ठेवल्या होत्या, काढलेल्या उपदाढांची जवळजवळ सगळी जागा पुढचे दात आत घेण्यात गेली. ओठ आता सहज मिटतात, त्यासाठीच तर सगळं केलं. अक्कलदाढांना मात्र त्या चार उपदाढांपैकी वरच्या दोनांचा काही फायदा झाला नाही. डावी वरची २८ हाडातच उंच, मागे तोंड करून. उजवी १८ अर्धवट बाहेर, गालाकडे वळलेली. कधी कधी चावताना गालाच्या आतल्या बाजूला घासते.

खालून ४८ वर आल्यामुळे १८ चा प्रश्न थोडा वेगळा झाला. समोर काहीच नसलेली दाढ चावण्याच्या पातळीपलीकडे वाढत जाते, हा धोका ४८ ला होता. पण माझ्या दाढा आता नीट जुळल्या आहेत, खालची प्रत्येक दाढ वरच्या जोडीदारापेक्षा किंचित पुढे बसते, त्यामुळे ४८ च्या माथ्याचा पुढचा भाग वरच्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या भागाला टेकतो. तेवढा आधार तिला पुरतो, असं सर्जन म्हणाले. म्हणजे १८ काढली तरी ४८ एकटी पडणार नाही. गालाला घासणं वाढलं किंवा तिथे कीड दिसली तर १८ काढायची. वरची म्हणून ते काम खालच्या मानाने सोपं. २८ ला तूर्त हात लावायचा नाही.

आईने परवा पुन्हा हिशोब विचारला. उपदाढा चार, अक्कलदाढ एक, म्हणजे पाच. १८ गेली तर सहा. आठ नाहीत, एवढ्यावर तिचं समाधान आहे. पुढच्या तपासणीला ती बरोबर येणार आहे, १८ चं काय ते समोरासमोर विचारायला.